एक घर वर

१२ जानेवारी

दादा,

तीर्थरूप वगैरे मायना घालणार होते, पण तीर्थरूप माणूस बहिणीचे बोल्ट दाबून बसत नाही. म्हणून नुसतंच दादा.

कामाचं लिहिते. आपण मोटरसायकलची वाटणी केली तेव्हा फ्रेम, दोन्ही चाकं, टाकी, सीट तुझ्याकडे गेली आणि इंजिन माझ्याकडे आलं. आई दारात उभी राहून म्हणाली होती, "लोक जमिनी वाटतात, भांडी वाटतात. माझ्या पोटची ही दोन रत्नं गाडी चिरताहेत." त्या तणातणीत एक गोष्ट ठरलीच नाही. इंजिन ज्यांच्यावर फ्रेममध्ये बसतं ते तीन लांब बोल्ट कुणाचे? तू म्हणशील फ्रेमचे, कारण भोकं फ्रेमला आहेत. भोकं इंजिनालाही आहेत, दादा. त्या बोल्टांशिवाय तुझी फ्रेम म्हणजे कपडे वाळत घालायची दांडी, आणि ती तशी वापरली जात असणार, आईला मी ओळखते. तेव्हा बोल्ट पाठवून दे. पत्ता मागे लिहिलाय.

हा पत्ता कसा झाला ते सांगते. मला खरं तर बंदरावर जायचं होतं, तिथे बोटींच्या इंजिनांवर माणसं हवी होती म्हणे. इंजिन पोत्यात घालून मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. कंडक्टरने विचारलं, "पोत्यात काय?" मी म्हटलं, "भावाचं डोकं." तो म्हणाला, "मग एवढं जड नसतं." पुढचा रस्ताभर तो स्वतःच्याच विनोदावर हसत होता. मध्ये एका थांब्यावर बस थांबली आणि समोर पाण्याच्या टाकीवर एक माणूस दोराला लटकून अक्षरं रंगवत होता. त्याचा एक काना चुकला होता आणि खालून सगळा रस्ता ओरडून त्याला सांगत होता, आणि त्याला ऐकू येत नव्हतं. मी बघायला उतरले. बस गेली. पोतं सोबत घेऊन उतरले होते हे नशीब. (मी पोत्याशिवाय कुठेच जात नाही हल्ली, अगदी आंघोळीलाही दाराशी ठेवते.)

समोर लोखंड कातायच्या लेथचं दुकान होतं, पाणी मागायला गेले. दुकान एका बाईचं आहे. मी त्यांना काकू म्हणते. नवरा गेल्यावर लेथ विकायला निघाल्या होत्या, गिऱ्हाइकाला चालवून दाखवता दाखवता विकायचं राहूनच गेलं, असं त्या सांगतात. मशीनच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळे मशीन बंद असलं तरी ओरडूनच बोलतात. पोत्याकडे बघून म्हणाल्या, "हे प्रेत आहे की इंजिन?" मी म्हटलं, "दोन्ही." त्यांनी इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उचलून पिस्टन पाहिला. बोट फिरवलं. "ह्याला कुणी उपाशी मारलं ग?"

मी पोतं पुन्हा बांधायला घेतलं. तुला माहीतच आहे कोण काय म्हणतं ते.

तर मी इथे आहे. दिवसभर लोखंडाचा किस झाडते, कानस मारते, वर पोटमाळ्यावर झोपते. आणि आता मुद्दा. एप्रिलमध्ये जुन्या धावपट्टीवर शर्यती आहेत, पाव मैल सरळ, पूर्वीसारख्याच. मी हे इंजिन पुन्हा बांधणार आहे. ते तुझ्या फ्रेममध्ये बसणार आहे. आणि त्यावर तू बसणार आहेस.

"तुझ्या हाताचं इंजिन पुन्हा माझ्या मांडीखाली येणार नाही," असं तू म्हणाला होतास. ऐकलं होतं मी. मोडलेला हात गळ्यात बांधायच्या पट्ट्यात होता म्हणून बोलताना तू दातांनी त्याची गाठ आवळत होतास, तरी स्पष्ट ऐकू आलं. मनगट आता बरं झालंय असं आई सांगते. मग बोल्ट पाठवायला हरकत नसावी.

भिंगरी


२ फेब्रुवारी

दादा,

बोल्ट आले नाहीत. टपालवाला मला बघून आता रस्ता ओलांडतो.

तू नाही विचारलंस तरी सांगते. काकूंनी सिलेंडर आतून घासून बोअर करून दिला. आत चार उभे ओरखडे होते, मांजराने दार खरवडावं तसे, ते सगळे गेले. मोठ्या मापाचा पिस्टन आणलाय. आता खिडक्यांचं काम चालू आहे. खिडक्या म्हणजे सिलेंडरच्या भिंतीतली ती भोकं, ज्यांतून आमच्या या टू-स्ट्रोक बाईसाहेब श्वास घेतात आणि धूर सोडतात. काकूंना पोर्ट म्हटलेलं कळतं, पण त्या खिडक्याच म्हणतात, त्यामुळे मीही. सिलेंडरच्या आत कागद गुंडाळून लावला, बोटाने घासून खिडक्यांचा ठसा घेतला, तो ठसा भिंतीवर चिकटवला, आणि आता रोज थोडी कानस, पुन्हा ठसा, पुन्हा भिंत. धूर जायची खिडकी वर उचलतेय. कडा गोल करतेय, नाहीतर पिस्टनची रिंग अडकून तुकडा पडेल. काय मजा आहे बघ, तीच रिंग आत दाबून धरायला आपण जीव टाकतो आणि तिला जराशी खिडकी उघडी दिसली की ती बाहेर बघते. माझ्यासारखीच.

परवा कानस चालू असताना पलीकडच्या इमारतीतून दोराने पियानो उतरवत होते. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून! चौकटसुद्धा काढली होती. मी पाच मिनिटांसाठी गेले. परत आले तेव्हा दुकान बंद करायची वेळ झाली होती. काकूंनी शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी मला स्टुलावर बसवलं, सिलेंडर मांडीवर ठेवला, त्यावर लोखंड आवळून धरायचा तो जड व्हाइस ठेवला. म्हणाल्या, "आता ऊठ बघू."

बरं, आता ते. टाळत होते.

तू सगळ्यांना सांगतोस की मी मिश्रण कोरडं ठेवलं. पेट्रोल कमी, हवा जास्त, इंजिन तापलं, पिस्टन फुगला, भिंतीला धरला, मागचं चाक जाम, आणि तू धावपट्टीवर आडवा. यातला एकेक शब्द खरा आहे. पिस्टन माझ्यासमोर पडलाय, उपाशीच मेलाय तो, काकूंनी बघताक्षणी ओळखलं. पण मी ते आपल्या मनाने केलेलं नाही. तू सांगितलंस, मी केलं. शर्यत सुटायच्या आधी हेल्मेटची काच वर करून तू म्हणालास, "एक घर वर." मी कार्ब्युरेटर उघडला आणि एक घर वर घेतलं. मग माझ्या हाताचं इंजिन म्हणजे काय? हात माझा, तोंड तुझं.

आई फोनवर म्हणाली, "तुम्ही दोघं मला टपालपेटी समजता. त्याला काही सांगायचं असेल तर त्याला लिही." मी लिहितेय म्हटलं. "मग तो वाचतोय," ती म्हणाली. वाचतोस तर?

डोकं ऊर्फ हेड लेथवर घासून बसकं करायचं बाकी आहे, म्हणजे दाब वाढेल. तुझंही न्यायला हवं होतं.

भिंगरी


१९ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र नीट बसून वाच. उभ्याने नको.

काल हेड लेथवर चढवलं. काकूंची लेथ जुनी, वेग बदलायला पट्टा हाताने सरकवावा लागतो. दोन पुल्या आहेत, वरची काम फिरवणारी, खालची मोटरची, दोन्हींना पायऱ्या पायऱ्या, पण उलट्यासुलट्या. वरच्या पुलीवर पट्टा मोठ्या पायरीवर चढला की खालच्या पुलीवर तो लहान पायरीवर उतरतो. काकू चष्मा पुसत होत्या. तिकडूनच ओरडल्या, "पट्टा एक घर वर घे!" मी वरच्या पुलीवर एक पायरी वर चढवला. काकूंनी बटण दाबलं. हेड असं फिरायला लागलं, जसं कुणी झोपेतून उठून पाणी प्यायला चाललंय. पात्याने फरफटत एक ओळ ओढली. काकूंनी बंद केलं.

"वर म्हटलं ना?"

"वरच घेतला."

"वर म्हणजे वेग वर ग, बाई!"

"मग वेग म्हणा ना. पट्टा वर म्हणालात."

"त्यात काय म्हणायचं? इतकी वर्षं वर म्हणजे वरच!"

"कुणाशी बोलत होतात इतकी वर्षं?"

"ह्यांच्याशी," काकू म्हणाल्या. आणि पुन्हा चष्मा पुसायला लागल्या, आणि माझा हात पट्ट्यावरच राहिला, पण माझं कारण वेगळं होतं.

दादा, "एक घर वर." काय वर?

कार्ब्युरेटरमधली सुई घे. तिच्या डोक्याशी खाचा आहेत, त्यांना आपण घरं म्हणतो, त्यातल्या एका घरात क्लिप अडकते आणि क्लिपवर सुई लटकते. क्लिप एक घर वर घेतली की सुई एक घर खाली बसते. सुई खाली बसली की पेट्रोलची वाट अरुंद होते. मी क्लिप वर घेतली. माझ्यासाठी घर म्हणजे क्लिपचं घर, कारण हातात चिमटा माझ्या असतो, मला क्लिपच दिसते. तू गाडीवर बसलेला. तुला क्लिप कशाला दिसेल? तुला सुई वर हवी होती. पेट्रोल जास्त हवं होतं तुला. तू बरोबर सांगितलंस, मी बरोबर केलं, आणि झालं नेमकं उलटं.

आणि म्हणूनच सुटताना काही झालं नाही. फुल्ल थ्रॉटलला, म्हणजे मूठ पूर्ण पिळली की, सुई पार वर निघून जाते, तिचं काही चालत नाही. तू सुटलास, पुढचं चाक उचललं, चाक खाली आणायला तू पाऊण थ्रॉटलवर आलास आणि तिथेच धरलंस. पाऊणवर सुईचं राज्य. तिथे इंजिनाला अन्न मिळालं नाही.

मी काल दुपारपासून हेच करतेय. क्लिप काढते, घालते, म्हणते "वर". एकदा तुझ्या आवाजात, एकदा माझ्या. आपण एकाच टेबलावर शिकलो, बाबांच्या त्या एका दिव्याखाली, तू पाना म्हणायच्या आधी मी पाना द्यायचे. कधी पूर्ण वाक्य बोलायची गरज पडली नाही. परक्या मेकॅनिकने विचारलं असतं, "काय वर, साहेब?" आणि तू सांगितलं असतंस आणि आज तू मला बोल्टांवरून छळत नसतास.

काकूंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता भांडण कुणाशी करणार ग तुम्ही?"

मला वाटतं कुणाशीच नाही. तुला काय वाटतं ते कळव. पट्टा काकूंच्या अर्थाने वर घेतला, हेड सुंदर घासून निघालंय, त्यात बघून केस विंचरता येतात.

भिंगरी


९ मार्च

दादा,

तुझं कार्ड आणि बोल्टांचं पुडकं एकाच दिवशी आलं. कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं. फार नाही, ओळीच किती आहेत त्यात. "वर म्हणजे सुई वर. अजून काय असतं? तुझंही चुकलं नाही. बोल्ट पाठवलेत. फ्रेम हवी तर टेम्पो पाठवून ने. मी येणार नाही. दुसरा कुणीतरी बसव."

अक्षर किती वाईट झालंय तुझं. सगळ्या ओळी उतारावरून घसरल्यासारख्या. मला वाटलं मांडीवर ठेवून लिहिलंस.

मी इतकी चिडले की कार्ड व्हाइसमध्ये आवळून ठेवलं. राग कशाचा होता? माझ्या हाताचा होता ना? मग आता तर हात निर्दोष सुटला. मग येणार नाही म्हणजे काय? काकू म्हणाल्या, "अग कागदावर का काढतेस?" मग आईला फोन लावला.

"आई, तो का येत नाही?"

"कामं असतात त्याला."

"टायरच्या दुकानात टोकन वाटायचं काम? रविवारी?"

"दार वाजतंय ग, ठेवते."

"दादाला उघडू दे की. घरातच आहे ना तो?"

मागे दार खरंच वाजत होतं. मग ती हळू म्हणाली, "त्याला नाही उघडत ते. गोल मूठ आहे ना आपल्या दाराची. फिरवावी लागते."

आणि मग सगळं सांगितलं. उजवं मनगट वळत नाही. आत धातूची पट्टी घातलीये ती कायमची. बोटं चालतात, हात चालतो, पण मनगट म्हणजे पाइपाचा सरळ तुकडा. पेन धरतोस पण हात वळवता येत नाही म्हणून ओळी घसरतात. नळ डाव्या हाताने. थ्रॉटल तर नाहीच.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? आई म्हणाली, "तो म्हणाला, तिला कळलं तर ती इंजिन टाकून इकडे येऊन रडत बसेल. माझ्यावर चिडलेली असली तर जन्मात एक काम तरी पुरं करील."

दादा, तू मला इतकं ओळखतोस याचा मला फार राग आला. मी शाळा अर्धी सोडली, शिवणाचा क्लास अर्धा सोडला, नर्सरीत रोपं लावायला राहिले तिथून एका फुलपाखरामागे निघून गेले (ते फुलपाखरू नव्हतं, पतंग होता, पण ते जाऊ दे). आणि इतके महिने तू तिकडे तोंड मिटून बसलास, स्वतःला वाईट म्हणवून घेतलंस, कशासाठी, तर माझ्या हातातली कानस सुटू नये म्हणून. एखाद्याने एवढं करू नये. निदान विचारून करावं.

रडले का? ते लिहायला मला वेळ नाही.

ऐक आता. मूठ वळवायला मनगट लागतं. इंजिनाला मूठ माहीतही नाही. त्याला फक्त एवढं कळतं की कुणीतरी तार ओढतंय. तार मुठीने ओढायची असा काही नियम निसर्गाने केलेला नाही. एकाच प्रश्नाचं उत्तर दे, हो किंवा नाही, कार्डावर एका शब्दात, ओळ घसरायलाही जागा राहणार नाही:

तुझा अंगठा हलतो का?

भिंगरी


२९ मार्च

दादा,

"हो." वा! काय भाषा आहे तुझी.

तर ऐक, तुझा नवीन थ्रॉटल तयार आहे. दांडीवर मुठीच्या आतल्या बाजूला एक छोटी तरफ, अंगठ्याने पुढे दाबायची. मूठ जागच्या जागी, मनगट सरळ, चारही बोटं ब्रेकला मोकळी. भंगारात एक मोडकी चारचाकी मिळाली, त्या शेतात-डोंगरात फिरवायच्या लहान गाड्या असतात ना, तिच्यावर असाच अंगठा होता. मला वाटलं काढला आणि बसवला, झालं. कुठलं काय! तिची तरफ एवढीशी तार ओढते आणि आपल्या कार्ब्युरेटरला त्याच्या दुप्पट ओढावी लागते. अंगठा पार टेकवला तरी इंजिन अर्ध्यावरच. म्हणजे तू अर्ध्या थ्रॉटलवर शर्यत पळणार आणि मी मागून ढकलणार.

म्हणून तार जिच्यावर गुंडाळते ती चकती मोठी करावी लागली. काकूंनी पहिल्यांदाच मला लेथवर एकटीला उभं केलं. स्वतः बाहेर जाऊन पायरीवर बसल्या, पाठ करून. "मी बघत नाही," म्हणाल्या, "पण ऐकतेय." पहिली चकती भोकाशी चिरली. दुसरी चांगली झाली, पण चकती मोठी केली की दाबायला जड जाते. मी तरफ झाडूच्या दांड्याला बांधली आणि झाडताना दिवसभर दाबत राहिले, तेव्हा संध्याकाळी अंगठा टोमॅटोसारखा झाला. मग आतली स्प्रिंग हलकी केली. तर ती इतकी हलकी झाली की सोडल्यावर थ्रॉटल आळस देत बंद व्हायला लागला. ते चालणार नाही. तपासणीला ते पहिलं हेच बघतात, अंगठा सोडला की फटकन बंद झालं पाहिजे. शेवटी तारेचा रस्ता बदलला, वळण कमी केलं, जुनी तार टाकून गुळगुळीत अस्तराची घातली आणि स्प्रिंग मधलीच ठेवली. आता फटकन.

शाळेत मला अंगठेबहाद्दर म्हणायचे. आता घराण्याचा मान तुझ्याकडे.

आणि इंजिन सुरू झालं! हे वर लिहायला हवं होतं. लोखंडी घोडीवर आवळून बसवलं होतं, काकू दार धरून उभ्या, आग विझवायचा बंब जवळ. पहिल्या दोन किकला नुसती शिंकली. तिसऱ्याला आख्खी गल्ली निळी झाली. पियानोवाल्या घरातून कुणीतरी खिडकी आपटून लावली, म्हणजे सूर लागलाय. तापवून, गार करून, पुन्हा तापवून असं चालवलं, मग पाऊण थ्रॉटलवर धरून ठेवलं, मुद्दाम, आणि बंद करून प्लग काढला. तांबूस. जळका पांढरा नाही, ओला काळा नाही, भाजलेल्या मातीसारखा तांबूस, म्हणजे उपाशीही नाही, अजीर्णही नाही. सुईवर मी रंगाचा ठिपका दिलाय, म्हणजे आता जे काही बोलायचं ते ठिपका वर की ठिपका खाली.

मी तुला पटवणार नाहीये. टेम्पो पाठवते, एकोणीस तारखेला सकाळी. त्यात फ्रेम चढव. तू चढायचं की नाही ते तुझं तू बघ. तू नाही आलास तरी इंजिन त्या फ्रेममध्ये बसेल आणि धावपट्टीवर पळेल, मी स्वतः बसेन, आणि तुला माहितीये मी सरळ रेषेत पाव मैल कधीच गेलेले नाही. वाटेत काहीतरी दिसेल आणि मी वळेन.

तुला अंगठा दाखवायचा असेल तर इथे येऊन दाखव. तरफ तयार आहे.

भिंगरी


२२ एप्रिल

दादा,

तू काल घरी पोचलास असं आईकडून कळलं. तरी लिहितेय, कारण तू गाडीवर होतास. तुला दिसलंच नाही. दिसलं ते मला, मागून.

आधी माफी नाही, खुलासा. टेम्पोची ताडपत्री काढल्यावर मी आधी फ्रेमकडे पाहिलं आणि मग तुझ्याकडे. तू आईच्या गोधडीत फ्रेम गुंडाळून मांडीशी धरून बसला होतास, त्यामुळे दोघांत फरक लगेच कळत नव्हता. आणि तू उतरल्यावर पहिलं काय बोललास? "तेरा नंबर." मी पाना दिला. मग संध्याकाळपर्यंत आपण दोघं मिळून दहा शब्द बोललो असू. काकू म्हणाल्या, "हे तुमचं भांडण मिटलेलं आहे की चालू आहे?"

सकाळी तपासणीवाल्याने तरफ दाबली, सोडली, पुन्हा दाबली. त्याने विचारलं, "ही काय भानगड? कुठली आहे?" तू म्हणालास, "घरची आहे." मी पेट्रोलचा डबा शोधायला गेले होते ना तेव्हा? डबा माझ्या हातातच होता.

आता शर्यत. तुझ्या शेजारी तो पिवळ्या जाकिटवाला. दिवे बदलले, तुम्ही दोघं सुटलात. तू चांगला सुटलास, अर्धं चाक पुढे. मग पुढचं चाक उचललं. पूर्वी जिथे उचललं होतं साधारण तिथेच. आणि मला आवाज उतरलेला ऐकू आला. तू पाऊणवर आलास. मी हातातलं फडकं पिळत होते, ते कोरडं होतं. मला वाटलं आता तू सोडशील. पडलेला माणूस तिथे सोडतोच, कुणी काही म्हटलं नसतं. चाक खाली टेकलं, आता फुल्ल दे किंवा सोड, मी मनात ओरडत होते. तू दोन्ही केलं नाहीस. तू पाऊणवरच धरलंस. पट्टीच्या टोकापर्यंत, तसंच. पिवळा तुझ्या पुढे निघून गेला, लांब गेला, तरी तू अंगठा हलवला नाहीस. इंजिन एका सुरात गात गेलं. चुकलं नाही, अडखळलं नाही, धरलं नाही.

तुझी पाठ मला दिसत होती. आधी खांदे कानांपर्यंत होते. अर्ध्या वाटेत कुठेतरी ते खाली आले.

माझ्या शेजारच्या माणसाने डोक्याला हात लावला, "अरे, दे ना पूर्ण!" त्याला वाटलं तू घाबरलास. त्याला काय सांगणार, की हा शर्यत पळत नाहीये, हा माझं इंजिन तपासतोय? काकू माझा दंड ओढत म्हणाल्या, "अग, हरला ना तो? मग तू का नाचतेस?"

हरलास. पहिल्याच फेरीत बाहेर. मी सगळ्या महिन्यांत याचाच विचार केला होता की तू परत येशील तेव्हा काय म्हणशील. वेगवेगळी वाक्यं तुझ्या तोंडी घालून बघितली होती. शाबासकीची होती, रडवेलीही होती, एकात तर तू माफी मागत होतास, ते मला विशेष आवडायचं. तू हळूहळू गाडी आणलीस, इंजिन बंद केलंस, हेल्मेट काढून काखेत धरलंस, केस घामाने चिकटलेले, आणि म्हणालास:

"खालून ओढत नाही."

एवढंच! मी इतकी भांडले तुझ्याशी तिथे. सगळ्यांसमोर. खालून ओढत नाही म्हणे, आणि वरून? वरून तू दिलंस कुठे कळायला? तू म्हणालास, सुटताना मरगळलेली वाटते, वर गेल्यावर जागी होते, क्लच घासत बसावं लागतं, त्यानेच चाक उचललं. हात हलवून हलवून दाखवत होतास, तोच हात. काकू पाणी घेऊन आल्या तर तू त्यांनाही सांगितलंस.

मग टेम्पो निघाल्यावर माझ्या डोक्यात आलं. मनगट मोडल्यापासून तू कुठल्याच गाडीबद्दल काही बोलला नव्हतास, आईने सांगितलं होतं मला. रस्त्याने गाडी गेली तरी मान वळवत नव्हतास. ज्याला पुन्हा बसायचं नसतं ना दादा, तो म्हणतो छान आहे, हेल्मेट परत देतो आणि घरी जातो. तू ते हेल्मेट काखेत तसंच ठेवून टेम्पोत चढलास. आई म्हणते कपाटावर ठेवलंय.

तुझं बरोबर आहे. धूर जायची खिडकी मी जास्तच वर उचलली, हावरटपणा झाला, म्हणून इंजिन हळू फिरत असताना दम राहिला नाही. खिडकी परत भरता येत नाही, पण सिलेंडरच्या बुडाचं गॅस्केट पातळ घातलं तर सगळा सिलेंडरच जरा खाली बसेल आणि खिडकीही त्याच्याबरोबर खाली येईल. मग हेड पुन्हा मापून बघावं लागेल. काकू म्हणतात होईल.

आज सकाळी सिलेंडर उतरवला.

भिंगरी